भिंतीवर २०० पंच आणि सुजलेली करंगळी

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे. चार वर्षं शोतोकान कराटे शिकतोय, ब्राऊन बेल्ट आहे. आमच्या क्लासमध्ये माकिवारा (पंच मारायचा, वाकणारा लाकडी खांब) नाही, म्हणून दोन महिने झाले, घरच्या भिंतीवर योगा मॅटचा तुकडा चिकटवून रोज दोन्ही हातांनी २००-२०० पंच मारतो. जपानमधल्या ओकिनावाचे जुने कराटेगुरू एवढे मारायचे, असं एका सीनियरने सांगितलं. मुठीच्या गाठींवरची चामडी दोनदा सोलवटली. आता उजव्या करंगळीची गाठ सुजली आहे आणि सकाळी मूठ नीट वळत नाही. सीनियर म्हणतो, दुखणं मेलं की हात तयार झाला समजायचं. गरम वाळूत मुठी मारायलाही त्याने सांगितलंय. माझा १३ वर्षांचा भाऊ माझं बघून मारायला लागलाय. दोन महिन्यांनी प्रात्यक्षिकात मला फळी तोडायची आहे. सराव चालू ठेवू का? घरी माकिवारा कसा बनवायचा? हात पक्के व्हायला किती दिवस लागतात?

उत्तर: उजव्या हाताने मारणं आजच थांबवा आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढा. रोज भिंतीवर मारत होतो हे त्यांना स्पष्ट सांगा. नुसतं ‘हात दुखतो’ म्हणालात तर तपासणी वरवरची होऊ शकते. जाण्याआधी घरी एवढं बघा: दोन्ही मुठी शेजारी धरल्यावर उजव्या करंगळीची गाठ डावीपेक्षा आत बसलेली दिसते का? बोटं अर्धी दुमडली की करंगळी अनामिकेच्या खाली किंवा वर चढते का? यातलं काही दिसलं तर आठवडाही थांबू नका, उद्याच जा. हाड तिरकं जुळलं तर नंतर मूठ कायमची वाकडी वळते. तडा निघाला तर हाड जुळायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि पुन्हा जोराचा मार सोसायला त्याहून बरेच जास्त. ती तारीख डॉक्टर ठरवतील, तुम्ही किंवा सीनियर नाही.

करंगळीच का सुजली, हे समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. डाव्या हाताने उजव्या तळव्यातली हाडं एकेक करून वरखाली हलवून बघा (सूज उतरल्यावर; तोवर डाव्या तळव्यातली हाडं बघा). तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मागची हाडं जवळजवळ हलत नाहीत, ती मनगटाच्या हाडांत घट्ट बसलेली असतात. अनामिकेचं थोडं हलतं, करंगळीचं चांगलंच. म्हणून कराटेत सेईकेन म्हणजे फक्त पहिल्या दोन गाठी. त्यांच्यावर बसलेला मार सरळ मनगटातून हाताच्या हाडात जातो. करंगळीवर बसलेला मार तिचं हाड गाठीच्या जरा मागे, जिथे ते बारीक होतं, तिथे वाकवतो. चुकीचा पंच मारून हात मोडून घेणाऱ्यांचं हाड बहुधा याच जागी मोडतं.

म्हणजे तुमचा पंच बाहेरच्या बाजूने लागतोय. याचं नेहमीचं कारण कोपर. पंच निघताना कोपर बरगडीपासून सुटून बाहेर फाकलं की मूठ सरळ न जाता कमानीत जाते आणि शेवटी करंगळीची बाजू आधी टेकते. दमल्यावर हे हमखास होतं. २०० पैकी पहिले ३० तुम्ही बरोबर मारत असाल, उरलेले १७० चूक पक्की करण्यात गेले.

आता भिंत. योगा मॅट साधारण ६ मिलीमीटर जाडीची असते. मूठ तिच्यात पाचेक मिलीमीटर दबते, पुढे भिंतच. चांगला माकिवारा पाच सेंटीमीटर मागे जातो. तोच पंच, तोच वेग, पण थांबायला दहापट अंतर मिळालं की हाडावर येणारा सरासरी जोर दहा पटींनी कमी होतो. शिवाय भिंत तुम्हाला काही सांगत नाही. माकिवारा वाकतो आणि परत ढकलतो. तो ढकलताना मनगट मुडपलं, खांदा उचलला किंवा मागची टाच उखडली तर चूक कुठे आहे ते त्याच क्षणी कळतं. माकिवारा मुळात पंच तपासण्याचं साधन आहे. हात कणखर होणं त्याच्या मागोमाग येतं, आणि सावकाश येतं.

२०० या आकड्याबद्दल. ओकिनावाचे कराटेगुरू इतोसु आन्को यांनी १९०८ साली, शाळांमध्ये कराटे यावं म्हणून, दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. त्यात माकिवारावर रोज प्रत्येक हाताने १०० ते २०० वेळा सराव करा, असं खरंच आहे. सीनियरने आकडा बरोबर सांगितला, पण त्याच कलमात आकड्याच्या आधी काय लिहिलंय ते गाळलं: खांदे खाली सोडा, छाती मोकळी करा, पायांनी जमीन पकडा, जोर ओटीपोटात उतरवा. या अटी सुटल्या की त्या दिवसाचा आकडा तिथेच संपला असं धरायचं. आणि तो सल्ला वाकणाऱ्या खांबासाठी आहे.

‘दुखणं मेलं की हात तयार’ हे तर पूर्ण उलटं आहे. मूठ वळल्यावर पुढे येणारी गाठ म्हणजे तळव्याच्या हाडाचं टोक. त्यावर सांध्याची कूर्चा असते, कूर्चेवरून बोट सरळ करणारी कंडरा जाते आणि वर फक्त चामडी. यातली चामडी काही आठवड्यांत जाड होते. हाडही भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यचिकित्सकाने हा नियम १८९२ मध्ये मांडला. पण हाड घडतं ते आधी जुना भाग झिजवून आणि मग नवा भरून. एका जागचं हे काम पुरं व्हायला तीन-चार महिने सहज जातात, आणि मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. रोज, विश्रांती न देता मारणाऱ्याचं हाड नेमकं या काळात तडकतं. कूर्चा मात्र एकदा झिजली की पूर्ववत होत नाही. म्हणून चामडी जाड झाली म्हणजे आतलं सगळं तयार झालं, असं धरू नका. फुगलेल्या, काळ्या पडलेल्या गाठी पुष्कळदा वारंवार सुजून उरलेल्या व्रणांच्या असतात. त्यांचं कौतुक करू नये. बधिर झालेल्या हाताने मारणाऱ्याला तर हाड मोडल्याचंही उशिरा कळतं. त्याच कारणासाठी सरावाआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका.

गरम वाळू नको. भाजणं आणि खरचटणं यापलीकडे त्यातून काही मिळत नाही. वाळूच्या किंवा कडधान्याच्या बादलीत बोटं खुपसण्याचा प्रकारही याच रांगेतला: बोटाचं शेवटचं पेर अचानक मुडपलं तर ते सरळ करणारी कंडरा तुटते आणि बोटाचं टोक खाली लोंबतं. ओकिनावात नुकिते (बोटांच्या टोकांनी मारणं) करणारे लोक वर्षानुवर्षं गुरूच्या नजरेखाली हे करत आले आहेत. पंचसुद्धा अजून सरळ बसत नसताना तिकडे जाण्याचं कारण नाही. तेल, मलम, औषधी अर्क चोळायला हरकत नाही; चामडी मऊ राहते, भेगा पडत नाहीत, चोळण्याने बरं वाटतं. त्याने हाड टणक होत नाही, एवढं लक्षात असू द्या.

भावाला मात्र आजपासून पूर्ण बंदी, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना. मुलांच्या हाडात वाढ जिथून होते ती कूर्चेची पट्टी तळव्याच्या या चार हाडांत गाठीच्या टोकालाच असते, म्हणजे पंच बसतो बरोबर तिथे. तिला इजा झाली तर हाड आखूड किंवा वाकडं वाढू शकतं. मुलींमध्ये ही पट्टी साधारण १४ ते १६, मुलांमध्ये १६ ते १७ च्या सुमारास बंद होते, काहींची उशिरा. त्याने हवेत पंच मारावेत, जोडीदाराने धरलेल्या मऊ पॅडवर हलके मारावेत, मूठ नीट वळायला शिकावी. कणखर हाताची घाई त्याला १८ पर्यंत तरी नको.

आता माकिवारा. मोकळी जमीन असेल तर पुरलेल्या खांबाला तोड नाही. साधारण दोन मीटर लांब, १० सेंटीमीटर रुंद आणि ७-८ सेंटीमीटर जाड असं सरळ शिरांचं, बिनगाठीचं, वाळलेलं लाकूड घ्या. ॲश किंवा ओक मिळालं तर उत्तम; गाठ असलेला तुकडा कितीही चांगला वाटला तरी नको, मोडेल तर तिथेच मोडेल. मारायची बाजू सपाट ठेवून मागची बाजू तासायची: जमिनीच्या पातळीला पूर्ण जाडी, तिथून वर उतरत उतरत टोकाला दीड-दोन सेंटीमीटर. उतार सबंध लांबीभर एकसारखा हवा. घाईत फक्त वरचा हातभर भाग पातळ केला तर सगळा वाक एकाच जागी येतो आणि फळी तिथे तडकते. आधी थोडं जाडच ठेवा. लाकूड काढता येतं, परत चिकटवता येत नाही.

एक तृतीयांश लांबी, म्हणजे ६५-७० सेंटीमीटर, जमिनीत जाते. तो भाग डांबराने किंवा लाकूड टिकवणाऱ्या रंगाने माखून घ्या. खड्ड्यात दोन आडव्या फळ्या किंवा मोठे चपटे दगड लागतात आणि त्यांची जागा पुष्कळ जण चुकवतात. पंच बसला की खांबाचं वरचं टोक तुमच्यापासून दूर जातं आणि तळ तुमच्याकडे यायला बघतो. म्हणून एक आधार जमिनीच्या लगेच खाली, खांबाच्या पलीकडच्या बाजूला. दुसरा तळाशी, तुमच्या बाजूला. दोन्ही उलटे लागले तर खांब महिन्याभरात खिळखिळा होतो. माती थराथराने घालून ठोकून बसवा आणि काही दिवस, शक्यतो एखादा पाऊस जाईपर्यंत, तशीच राहू द्या.

उंची स्वतःच्या मापाने. झेनकुत्सु-दाचीत (पुढचा गुडघा वाकवलेल्या लांब पवित्र्यात) उभं राहा; खांबाचं वरचं टोक त्या वेळच्या खांद्याच्या पातळीला आणि गादीचा मध्य छातीच्या पिंजऱ्याखालच्या खळग्यासमोर यावा. मग तळव्याने गादी ढकलून बघा. एका हाताच्या मध्यम जोराने टोक पाच ते सात सेंटीमीटर मागे जायला हवं. अंगाचा भार टाकावा लागत असेल तर मागून अजून तासा. सुरुवात करणाऱ्याला खांब जरा जास्तच लवचीक असलेला बरा. ताठ खांब मिरवायला ठीक, शिकायला वाईट.

गादी पूर्वी भाताच्या पेंढ्याच्या दोराची असे. तुम्ही अडीच-तीन सेंटीमीटर घट्ट रबरी फोम घ्या, १० सेंटीमीटर रुंद आणि ३० उंच, त्यावर चामडं किंवा जाड कॅनव्हास. सगळं मागून दोरीने बांधा. मारायच्या बाजूला खिळा, स्क्रू, पिन काहीही नको. काथ्याचा दोर गुंडाळायचा मोह टाळा, तो कानशीसारखा चामडी खातो. जमीन नसेल तर जाड प्लायवूडच्या मोठ्या पाटावर तीच फळी बोल्ट आणि तिरक्या आधाराने बसवता येते; पुढचा पाय पाटावर ठेवून मारायचं म्हणजे पाट उचलत नाही. भिंतीला बसवण्याचे जे तयार पॅड मिळतात त्यांतले बहुतेक वाकतच नाहीत, म्हणजे तुमच्या योगा मॅटचीच महाग आवृत्ती. दर महिन्याला खांब जमिनीलगत टोकरून बघा. कुजतो तो तिथे.

पहिला पंच मारण्याआधी अंतर ठरवा. कंबर पूर्ण वळलेली, मूठ गादीवर टेकलेली, कोपर किंचित वाकलेलं, अशी शेवटची स्थिती घ्या आणि मग पुढचा पाय चार-पाच सेंटीमीटर पुढे सरकवा. गादी तेवढी मागे जायला हवी. मूठ वळताना आधी बोटांची टोकं तळव्यात घट्ट रोवायची, मग अंगठा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधल्या पेरांवर आडवा दाबायचा. हाताची वरची बाजू आणि मनगट यांवर एक पट्टी ठेवली तर ती दोन्हीकडे सपाट बसली पाहिजे. शोतोकानमध्ये मूठ शेवटी फिरते. ते फिरणं गादीला लागण्याआधी पुरं व्हायला हवं. तुमची चामडी दोनदा सोलवटली त्याचं कारण बहुधा हेच: मूठ लागल्यावर फिरते आणि गादी चामडी ओढते. मूठ लागल्यावर क्षणभर खांब दाबून धरा, तो तुमच्यावर परत रेलू द्या, आणि मग हात मागे घ्या. लागताक्षणी हात झटकून मागे घेतला तर फळीचा ठोक ऐकू येईल, शिकायला काही मिळणार नाही.

कुठे दुखतं त्यावरून चूक ओळखता येते. मधल्या बोटाच्या दुसऱ्या सांध्यावर, म्हणजे बोटाच्या मध्यावर, खरचटलं तर मूठ मनगटातून वरच्या बाजूला मुडपली आहे किंवा बोटं सैल वळली आहेत. मनगटाच्या वरच्या बाजूला कळ आली तर मूठ लागण्याच्या क्षणी ढिली पडली. कोपराच्या मागे दुखलं तर अंतर जास्त आहे आणि कोपर ताणून कुलूप लागतंय. खांदा आणि मान धरली तर खांदा वर चढला, बहुधा जोर लावायच्या नादात. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा पडतो, त्यात दाबून दुखत असेल तर मात्र चूक शोधत बसू नका, डॉक्टरांकडे जा. तिथलं छोटं हाड तडकलं तरी पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही; दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो, आणि दुर्लक्ष झालं तर ते जुळतच नाही. गाठीवरची कंडरा मूठ वळताना बाजूला घसरत असेल, बोट बधिर किंवा थंड पडत असेल, तर तेही घरी सांभाळायचं दुखणं नाही.

डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर: पहिला महिना एक दिवसाआड, प्रत्येक हाताने १० ते १५ पंच, एक तृतीयांश जोर. दोन पंचांत एक पूर्ण श्वास. कमकुवत हाताने सुरुवात करा आणि आकडा त्याच्या क्षमतेवर ठरवा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात २० ते ३०, जोर निम्मा. आकडा आणि जोर एकाच आठवड्यात वाढवू नका. तीन महिन्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ न ठणकता वळत असेल तर ५० पर्यंत जा. दुसऱ्या दिवशीचा सकाळचा ठणका ही मर्यादा. तो आला की दोन दिवस सुट्टी आणि मागच्या आकड्यावर परत. चामडी फुटली तर भरून येईपर्यंत मारायचं नाही. रक्ताने भरलेली गादी दुसरा कोणी वापरत असेल तर हेपॅटायटिससारखे आजार पसरू शकतात. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी लावून दहा मिनिटं ठेवा आणि पुसा, किंवा प्रत्येकाने आपलं वेगळं आवरण वापरावं.

‘किती दिवस’ याचं उत्तर द्यायचंच तर: पंच सरळ बसायला काही महिने, हाडात म्हणण्यासारखा फरक पडायला वर्ष-दोन वर्षं.

मधल्या काळात मनगट आणि पकड तयार करा, त्याने पंचाला सर्वांत लवकर फायदा होतो. गोजू-र्यू या कराटे शैलीच्या होजो उंदोमधलं (पूरक व्यायामांमधलं) निगिरी-गामे म्हणजे मडकी: तोंडाची कड पाचही बोटांच्या टोकांनी पकडून संथ पावलं टाकायची. दोन-तीन किलोपासून सुरू करा आणि महिन्याला थोडी वाळू वाढवा. ची-इशी, म्हणजे दांडा बसवलेला दगड, मनगट फिरवायला उत्तम. सुरुवातीला तीन किलो पुरे. मुठीवरचे पुशअप्स मऊ चटईवर, भार फक्त पहिल्या दोन गाठींवर, हवं तर गुडघे टेकून, आठ-दहाचे तीन सेट. यात मनगट सरळ ठेवायची सवय लागते, एवढ्यासाठीच ते करायचे. त्यात उड्या मारू नका. बोटं उघडण्याचाही व्यायाम हवा, त्यांना रबरबँड लावून ताणा, नाहीतर फक्त मूठ वळणारे स्नायू ताठ होतात. उजव्या हाताने यातलं काहीही डॉक्टरांना विचारून.

शुतोचा (हाताच्या कडेने मारायच्या फटक्याचा) सराव माकिवारावर करायचा तर तळव्याच्या कडेच्या मांसल भागाने, हलका आणि थोडाच. त्या मांसल भागाखालून करंगळीकडे जाणारी नस आणि रक्तवाहिनी जाते. वारंवार ठोकल्याने ती रक्तवाहिनी बंद होऊन बोटं पांढरी, गार पडल्याची उदाहरणं कराटेत माहीत आहेत.

प्रात्यक्षिकात मुठीने फळी तोडू नका. डॉक्टरांची हरकत नसेल तर डाव्या कोपराने तोडा. शिरा सरळ असलेली, कोरडी, दोन सेंटीमीटर जाडीची पाइनची फळी घ्या. धरणारे दोघे असावेत, त्यांनी ती शिरांना समांतर असलेल्या कडांवर पकडावी आणि हात ताठ ठेवावेत. फळी मागे गेली की मोडत नाही आणि सगळा मार कोपरावर येतो. सराव पॅडवर करा. फळ्या दोन आठवडे आधी आणून कोरड्या जागी ठेवा आणि त्यातली एक सेन्सेईंसमोर आधी तोडून बघा.